न्यूर्नबर्ग : सॉसेजपासून सम्राटापर्यंत सगळ्याला नियम

न्यूर्नबर्गचं नाव कागदावर पहिल्यांदा उमटलं ते एका दासीमुळे. तिचं नाव सिगेना. १६ जुलै १०५० रोजी सम्राट तिसरा हाइनरिख याने तिला दास्यातून मोकळं केल्याचा दस्त झाला. तेव्हाची रीत अशी, की दासीने हातात एक नाणं धरायचं, ते हाताला फटका मारून खाली पाडायचं, की ती स्वतंत्र. दस्ताखाली तो कुठे झाला ते ठिकाण लिहिलं : नोरेनबेर्क. शहर त्याआधीही असणार, पण जर्मन लोकांच्या हिशेबी वाढदिवस हाच.

पुढची नऊशे वर्षं हे शहर कागदावर नियम लिहीत राहिलं. सम्राट कोणी निवडायचा, बिअरचं तळघर केवढं खणायचं, सॉसेज किती लांब, पेन्सिलीचं लाकूड कोणी तासायचं आणि शिसं कोणी भरायचं, सगळ्याला नियम. १९३५ मध्ये याच शहरात माणसाचं रक्त कोणतं यावरून नागरिकत्व ठरवणारे कायदे जाहीर झाले, आणि दहा वर्षांनी ते करणाऱ्या नाझी राजवटीच्या पुढाऱ्यांवर इथेच खटला उभा राहिला. मराठी वर्तमानपत्रांत आपण ‘न्यूरेंबर्ग खटले’ असं वाचत आलो, ते हेच गाव. स्थानिक उच्चार न्यूर्नबेर्गच्या जवळ जातो. रेल्वेच्या पाटीवर शोधताना तो डोक्यात असलेला बरा.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटणार नाही. आज दिसणारं ‘मध्ययुगीन’ न्यूर्नबर्ग बरंचसं १९४५ नंतर बांधलेलं आहे. २ जानेवारी १९४५ च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी एका हल्ल्यात जुन्या गावाचा सुमारे ९० टक्के भाग पाडला, सुमारे १,८०० माणसं गेली. युद्धानंतर शहराने ठरवलं, की रस्ते जुन्याच रेषेत ठेवायचे, छपरं उतरतीच ठेवायची, तटबंदी आणि मोठी चर्चेस पुन्हा उभी करायची, पण मधली घरं साधी बांधायची. त्यामुळे एखाद्या गल्लीत तुम्हाला गोथिक कोपरा दिसतो आणि त्याला लागून पन्नासच्या दशकातली सपाट खिडक्यांची इमारत. फोटो काढणाऱ्यांना हे खटकतं. मला हे प्रामाणिक वाटतं. खोटी नक्षी चिकटवण्यापेक्षा बरं.

दगड ओळखायचा असेल तर रंग बघा. इथला वालुकाश्म तांबूस-पिवळा, हाताला खरखरीत. जुना दगड काळवंडलेला आणि कडा झिजलेल्या, नंतर बसवलेला स्वच्छ आणि धारदार. चर्चच्या एकाच भिंतीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. लोरेंत्स चर्चच्या बाहेर पाच मिनिटं उभं राहून भिंत वाचली, की पुढे सगळीकडे डोळा बसतो.

पोचणं आणि क्रम

म्युनिकहून वेगवान आयसीई गाडीने साधारण सव्वा तास. स्वस्तात जायचं तर प्रादेशिक गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास. त्यासाठी बायर्न-तिकीट घेतात : दोघे-तिघे मिळून घेतलं तर माणशी फारच कमी पडतं. पण ते सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं आणि आयसीई, आयसी या गाड्यांत अजिबात चालत नाही. दोन्ही गाड्या एकाच स्टेशनावरून सुटतात, फलाटावर कोणी अडवत नाही, आणि तपासनीस आत भेटतो. आपल्याकडून येणारे लोक दंड भरतात ते इथे. गाडीच्या नावात ‘आरई’ किंवा ‘आरबी’ आहे का ते बघूनच चढा. विमानाने आलात तर यू-२ मेट्रो विमानतळावरून मुख्य स्टेशनावर बारा-तेरा मिनिटांत सोडते. यू-२ आणि यू-३ या गाड्यांना चालक नाही. पहिल्या डब्यात पुढच्या काचेला नाक लावून बसता येतं, लहान मुलं बरोबर असतील तर एवढ्यावरच खूश.

सोमवार टाळा. चित्रकार ड्युररचं घर वर्षातला बराचसा काळ सोमवारी बंद असतं, गेर्मानिशेस राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारी बंद. खटल्याचं दालन मात्र मंगळवारी बंद असतं. म्हणजे सोम-मंगळ असे दोन दिवस घेऊन आलात तर निम्मं शहर दारावरच्या पाट्या वाचण्यात जाईल. रविवारी दुकानं बंद, संग्रहालयं उघडी. बुधवार-गुरुवार सगळ्यात सोयीचे.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर जाडजूड गोल बुरूज. हा फ्राउएनटोर. अशा गोल बुरुजांची चौकडी तटाच्या चार दरवाजांपाशी आहे, आणि प्रत्येकाच्या पोटात एक जुना चौकोनी बुरूज आहे. सोळाव्या शतकात तोफा मोठ्या झाल्या, चौकोनाचा कोपरा गोळ्याने फुटतो, गोलावरून गोळा घसरतो. म्हणून १५५६ ते १५५९ या काळात जुन्या बुरुजांना बाहेरून दगडी चिलखत चढवलं. तट मूळचा पाच किलोमीटरांचा, त्यातला सुमारे चार किलोमीटर शाबूत आहे, आणि खंदकात आता बागा आणि सायकलचे रस्ते आहेत.

स्टेशनापासून वरच्या किल्ल्यापर्यंत दीड-दोन किलोमीटर. शेवटचा टप्पा चढाचा आणि गोट्यांच्या फरसबंदीचा. चाकाची बॅग तिथे ओढली तर चाक तरी जातं किंवा खांदा, तेव्हा सामान स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाका. पावसात हे गोटे साबणासारखे निसरडे होतात.

लोरेंत्स चर्च, आणि गाल भाजलेला शिल्पकार

क्योनिगश्ट्रासेने सरळ गेलं की दहा मिनिटांत लोरेंत्स चर्च. आत दोन वस्तू नीट बघायच्या.

पहिली डावीकडे : आडाम क्राफ्ट याने १४९३ ते १४९६ मध्ये घडवलेला दगडी मनोरा. प्रसादाची भाकरी ठेवायला केलेली ही जागा, उंची सुमारे २० मीटर. दगड इतका बारीक कोरलाय की लांबून लाकडाची जाळी वाटावी. वर छताला लागला तेव्हा क्राफ्टने टोक कापलं नाही, वेलीच्या कोंबासारखं वळवून घेतलं. सगळे वर बघतात, म्हणून खाली बघायचं राहून जातं. हा सगळा डोलारा गुडघ्यावर बसलेल्या माणसांच्या पाठीवर उभा आहे, आणि त्यांतला हातात छिन्नी-हातोडा घेतलेला दाढीवाला स्वतः क्राफ्ट. कारागिराने आपलीच मूर्ती कामाखाली वाकवून बसवली.

दुसरी वस्तू वेदीसमोर हवेत लटकते : फाइट श्टोस याने १५१७-१८ मध्ये लिंडनच्या लाकडातून कोरलेला देवदूत आणि मरिया, भोवती गुलाबांचं कडं. याच श्टोसला १५०३ मध्ये खोटा कर्जरोखा बनवल्याबद्दल शिक्षा झाली होती. तापलेली सळई दोन्ही गालांतून आरपार. कोवळ्या चेहऱ्याचा देवदूत कोरणारा माणूस हा असा डाग घेऊन गावात फिरत होता. १८१७ मध्ये साखळी तुटून हे शिल्प खाली पडलं आणि तुकडे झाले. आज दिसतं ते जोडलेलं.

युद्धात हे वाचलं कसं? शहराने १९३९ पासूनच तयारी केली होती. किल्ल्याच्या टेकडीखाली खडकात जुनी बिअरची तळघरं होती, त्यांतल्या एकात उबदार, कोरडी हवा राहील अशी व्यवस्था करून चोवीस मीटर खोल कलाकोठार केलं आणि श्टोसचं शिल्प तिथे नेलं. क्राफ्टचा मनोरा हलवता येण्यासारखा नव्हता, त्याच्याभोवती भिंत बांधली. चौकातल्या कारंज्याला काँक्रीटचं कवच घातलं. हेच कोठार लुटीचा मालही सांभाळत होतं : पोलंडच्या क्राकाव्हमधून उचलून आणलेली श्टोसची प्रचंड वेदी १९४६ मध्ये परत गेली. कलाकोठार फक्त मार्गदर्शकाबरोबर बघता येतं, फेऱ्या ठरलेल्या वेळी असतात. आत वर्षभर थंडी, मे-जूनमध्येही स्वेटर न्या.

बाराचं घड्याळ

हाउप्टमार्क्ट या चौकात पावणेबाराला पोचा. फ्राउएनकिर्खे या चर्चच्या दर्शनी भिंतीवरचं घड्याळ बाराला सुरू होतं. १५०६ ते १५०९ या काळातलं हे यंत्र. मध्ये सम्राट चौथा कार्ल बसलेला, आणि त्याच्याभोवती सात राजनिर्वाचक, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेले सरदार आणि धर्मगुरू, तीन फेऱ्या घालतात. प्रत्येकजण समोर आला की मान वळवतो. वर निळा-सोनेरी गोळा आहे तो चंद्राच्या कला दाखवतो, त्याकडे कोणी बघत नाही. चर्चच्या अगदी पायथ्याशी उभं राहू नका, मान मोडते. चौकाच्या मध्यापर्यंत मागे जा. किती निर्वाचक, कसे निवडणार, कोणाचं मत आधी, हे सगळं चौथ्या कार्लने १३५६ च्या सुवर्ण फर्मानात बांधून दिलं, आणि त्याचा पहिला भाग याच गावात जाहीर झाला. नव्या राजाने पहिली राजसभा न्यूर्नबर्गला भरवायची, असंही त्यात कलम आहे.

आता त्याच कार्लचा दुसरा कागद. नोव्हेंबर १३४९ मध्ये त्याने नगरपरिषदेला परवानगी दिली की इथली ज्यूंची घरं पाडून बाजार करा आणि सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराच्या, जागी मरियेचं चर्च बांधा. ५ डिसेंबरला वस्तीवर हल्ला झाला आणि शेकडो ज्यू मारले गेले. तुम्ही उभे आहात तो चौक म्हणजे ती वस्ती, आणि घड्याळाचं चर्च म्हणजे ते सिनेगॉग. बारा वाजता टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीतल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं.

चौकाच्या कोपऱ्यातलं १९ मीटर उंच, चाळीस मूर्तींचं सोनेरी कारंजं मूळचं १३८५ ते १३९६ मधलं. समोर आहे ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर केलेली प्रतिकृती, मूळ तुकडे संग्रहालयात. जाळीत अडकवलेली पितळी कडी तीनदा फिरवली की इच्छा पुरी होते म्हणतात. रांग असते. रांगेत उभं राहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

पोटाचं

न्यूर्नबर्गचं सॉसेज करंगळीएवढं. भाजण्याआधी लांबी ७ ते ९ सेंटिमीटर, वजन २० ते २५ ग्रॅम, डुकराचं जाडसर वाटलेलं मांस, मेंढीच्या आतड्याचं आवरण, आणि मसाल्यात मारजोरम ही ओव्याच्या वाटेने जाणारी पण गोडसर वासाची पाल्याची वनस्पती. २००३ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, शहराच्या हद्दीबाहेर बनवलं तर हे नाव लावता येत नाही. इतकं लहान का, याच्या दोन गोष्टी सांगतात : रात्री दुकान बंद झाल्यावर कुलपाच्या भोकातून विकता यावं म्हणून, किंवा तुरुंगातल्या कैद्याला भोकातून देता यावं म्हणून. दोन्ही गोष्टी दुकानदारांच्या आवडीच्या, एवढंच म्हणावं. चांगल्या ठिकाणी बीचच्या लाकडावर भाजतात. लाकडाचा धूर अंगणातूनच लागला पाहिजे. बसून खायचं तर ६, ८, १० किंवा १२ च्या हिशेबात, कथलाच्या ताटलीत, आंबवलेला कोबी किंवा बटाट्याच्या सॅलडबरोबर. रस्त्यावर मागायचं तर ‘ड्राय इम वेग्ला’ म्हणायचं, म्हणजे पावात तीन. एक पाव म्हणजे नाश्ता, दोन म्हणजे जेवण. ‘ब्लाउए त्सिप्फेल’ हा प्रकार भाजलेला नसतो, व्हिनेगर-कांद्याच्या रश्शात शिजवलेला असतो, हे मागवण्याआधी कळलेलं बरं.

शाकाहारी असाल तर घाबरायचं कारण नाही. चीज घातलेल्या श्पेट्सले या अंड्या-पिठाच्या जाड शेवया, अळंबीच्या रश्शात डम्पलिंग, आणि एप्रिल ते २४ जून या काळात पांढरं शतावर. ते विमानतळाजवळच्या क्नोब्लाउख्सलांट या भाजीपट्ट्यातून येतं, नावाचा अर्थ लसणाची भूमी. फक्त ‘रस्सा मांसाच्या पाण्यातला नाही ना’ हे विचारा, कारण त्याला इथे कोणी मांस समजत नाही.

गोडातला लेबकूखन हा प्रकार जास्त सांगण्यासारखा. गावाभोवतीच्या राजवनात मधमाश्या होत्या, आणि व्हेनिसहून मसाले येत : मिरी, दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ. मध आणि मसाला एकत्र आला. मसाल्याच्या वाटेवर आपलाही एक थांबा आहे. पोर्तुगीजांनी समुद्रमार्ग उघडल्यावर न्यूर्नबर्गच्या हिर्शफोगेल आणि इमहोफ या पेढ्यांनी १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या आरमारात पैसे गुंतवले. ते आरमार हिंदुस्थानात प्रथम थांबलं ते कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर, जे आज गोव्याच्या हद्दीत आहे.

दुकानात ‘एलिझेन’ लिहिलेलंच घ्या. तो सर्वांत वरचा दर्जा : बदाम, हेझलनट किंवा अक्रोड मिळून किमान २५ टक्के, पीठ जास्तीत जास्त १० टक्के. बाकीचे प्रकार पिठाचे आणि कोरडे असतात, स्वस्तही असतात, आणि पुण्यात पोचेपर्यंत दगड होतात.

घरी करायचं तर साधारण २०-२२ नगांना : ४ मध्यम अंडी, २०० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम सालासकट बदामाची पूड, १५० ग्रॅम अक्रोडाची पूड, १०० ग्रॅम पाकवलेली संत्र्या-लिंबाची साल बारीक चिरून, दीड चमचा दालचिनी आणि लवंग, वेलची, जायफळ, धणे यांची मिळून एक चमचा पूड. अंडी-साखर फिकट आणि दाट होईपर्यंत फेटा, बाकी सगळं घाला. मिश्रण चमच्यावरून पडताना लोंबलं पाहिजे, वाहायला नको. वाहिलं तर आणखी बदाम. न्यूर्नबर्गला हे सात सेंटिमीटरच्या ओब्लाटन या कागदी पातळ चकत्यांवर लावतात. त्या चकत्या नसल्या तर बटर पेपर चालतो, फक्त थंड झाल्याशिवाय सोडवू नका. मध्ये फुगीर, कडेला पातळ असं पसरा आणि रात्रभर उघडं ठेवा, वरचा थर सुकला पाहिजे. तो सुकला नाही तर भाजताना पसरून चपटं होतं. १५० ते १६० अंशांवर २० ते २५ मिनिटं. दाबल्यावर मधे मऊच लागायला हवं. कडक होईपर्यंत ठेवलं तर ते बिस्किट झालं. मिक्सरमध्ये सुका मेवा एका दमात फिरवला तर तेल सुटतं आणि लगदा होतो, थांबत थांबत फिरवा. डब्यात सफरचंदाची फोड ठेवली तर ते ओलसर राहतं, फोड दोन दिवसांनी बदला, नाहीतर बुरशी.

नाताळचा बाजार पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या (नाताळआधीच्या चार रविवारांतला पहिला) आधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला संपतो. उद्घाटन ‘क्रिस्टकिंड’ करते, दर दोन वर्षांनी निवडलेली सोनेरी पंखांची तरुण मुलगी. २०१९ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतीय. एका पक्षाच्या स्थानिक शाखेने त्यावरून वाह्यात पोस्ट टाकली, देशभरातून इतका भडिमार झाला की ती काढावी लागली. गरम वाइनचा मग घेताना अनामत रक्कम जास्त घेतात. मग परत केला की मिळते, ठेवून घेतला तर आठवण म्हणून घरी न्या. शनिवारी संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नसते. दुपारी बाराच्या आधी जा.

ड्युररचं घर आणि गोव्याहून निघालेला गेंडा

चौकातून वर चढताना डावीकडे सेबाल्ड चर्च. संताच्या अस्थींवरचं पितळी मंदिर पेटर फिशर आणि त्याच्या मुलांनी १५०८ ते १५१९ मध्ये ओतलं आणि ते सगळं गोगलगाईंच्या पाठीवर उभं केलं. याच चर्चमध्ये संगीतकार पाखेलबेल शेवटची वर्षं ऑर्गन वाजवत होता.

टिअरगेर्टनर दरवाजाशी आल्ब्रेख्ट ड्युररचं घर. खाली दगडी, वर लाकडी चौकटींचं. १५०९ मध्ये त्याने विकत घेतलं आणि १५२८ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिला. युद्धात मार बसूनही उभं राहिलेल्या मोजक्या घरांपैकी हे. पण अपेक्षा नीट ठेवा : त्याचं सशाचं चित्र व्हिएन्नात, प्रसिद्ध आत्मचित्र म्युनिकमध्ये. घरात मूळ तैलचित्रं नाहीत. इथे बघायचं ते काम कसं चालायचं ते. ठशाचा छापखाना, रंग कुटायचं साहित्य, स्वयंपाकघर. छपाईचं प्रात्यक्षिक चालू असेल तर थांबा. मूळ ड्युरर हवा असेल तर गेर्मानिशेस संग्रहालयात जा, शार्लमान आणि सिगिसमुंड या सम्राटांची त्याची चित्रं तिथे आहेत. तिथेच मार्टिन बेहाइमचा १४९२ चा पृथ्वीगोल आहे, जगातला टिकून राहिलेला सर्वांत जुना. त्यावर अमेरिका नाही. कोलंबस परतायचा होता.

ड्युररचा गेंडा मात्र आपल्या किनाऱ्याशी जोडलेला. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला, तो गोव्याला आला, आणि जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढला. २० मे रोजी लिस्बनला उतरला. युरोपात रोमन काळानंतर कोणी जिवंत गेंडा बघितला नव्हता. पोर्तुगीज त्याला ‘गांडा’ म्हणत, म्हणजे आपलाच गेंडा. लिस्बनहून एक रेखाटन आणि वर्णनाचं पत्र न्यूर्नबर्गला पोचलं आणि ड्युररने जनावर न बघताच लाकडाचा ठसा कोरला. ठसा जवळून बघा : कातडीच्या घड्या पत्र्याच्या चिलखतासारख्या, कडेला रिव्हेटसारखे ठिपके, पायांना खवले, आणि मानेच्या मागे एक जास्तीचं छोटं शिंग जे कुठल्याच गेंड्याला नसतं. वरच्या मजकुरात सालही चुकलंय, १५१३ लिहिलंय. तरी पुढची अडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत गेंडा काढला जायचा तो असाच, जास्तीच्या शिंगासकट. खरा गेंडा बिचारा पोपकडे पाठवताना १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला.

किल्ल्याचं अंगण आणि सज्जा फुकट, संध्याकाळचा प्रकाश तिथून घ्या. तिकीट काढलंत तर खोल विहीर चुकवू नका. खडकात सुमारे ५० मीटर खोदलेली, पाणी ओतल्यावर आवाज येईपर्यंत लोकांचं हसणं थांबतं. मेणबत्त्यांचं तबक खाली सोडतात तेव्हा खोलीचा अंदाज येतो. शेजारचा झिनवेल बुरूज म्हणजे जुन्या जर्मनमध्ये ‘वाटोळा’ बुरूज, इतकंच.

टेकडीच्या पोटातल्या तळघरांचा पहिला उल्लेख १३८० चा : बिअर विकायची तर स्वतःचं तळघर हवं, असा परिषदेचा हुकूम. चार मजले खोल खणत गेले, कारण तांबड्या बिअरला आंबताना थंडावा लागतो. पेन्सिलीचंही असंच. एकाने लाकूड करायचं, दुसऱ्याने शिसं, दोन्ही एका हाताने करायला परिषदेची मनाई. १७६१ मध्ये फाबर घराण्याचा धंदा सुरू झाला तो हद्दीबाहेर श्टाइन गावात. आणि ७ डिसेंबर १८३५ रोजी जर्मनीतली पहिली वाफेची आगगाडी ‘आडलर’ इथून सहा किलोमीटरवरच्या फ्युर्टला गेली. इंजिन इंग्लंडचं, चालक विल्यम विल्सनही तिथलाच. पुढच्या वर्षी तिने पहिला माल वाहिला : बिअरची दोन पिंपं. आजची यू-१ मेट्रो साधारण त्याच वाटेने धावते.

दुसरा दिवस

ट्राम ८ किंवा ६ ने डोकु-त्सेंट्रुम या प्रदर्शन-केंद्राला जा. १९३३ ते १९३८ दर सप्टेंबरमध्ये नाझी पक्षाचे मेळावे भरत ते मैदान. अर्धवट राहिलेलं सभागृह ५०,००० माणसांसाठी होतं, ७० मीटर उंच व्हायचं ते ३९ वर थांबलं. बाहेरून ग्रॅनाइट, आतून विटा. मागच्या अंगणात गेल्यावरच तो बनाव दिसतो, म्हणून पुढून फोटो काढून परत फिरू नका. प्रदर्शन-केंद्राचं नूतनीकरण अनेक वर्षं चाललं, तेव्हा काय उघडं आहे ते आधी बघा. तळ्याला वळसा घालून झेपेलिन मैदानापर्यंत चालायला दोन तास धरा, सावली नाही, पाणी जवळ ठेवा. तिथल्या सज्जावरचं मोठं स्वस्तिक अमेरिकनांनी एप्रिल १९४५ मध्ये सुरुंगाने उडवलं.

मग यू-१ ने बेरनशांत्से. ६०० क्रमांकाची न्यायखोली. शहर मोडून पडलेलं असताना न्यायालयाची इमारत आणि तिला जोडलेला तुरुंग शाबूत होता, म्हणून इथे. नाझी पुढाऱ्यांवरचा मुख्य खटला चालला २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६. पिंजऱ्यात २१ जण, बारा फाशीच्या शिक्षा, तीन सुटले. चार भाषांत एकाच वेळी अनुवाद करण्याचा हा पहिला मोठा प्रयोग. वक्त्यासमोर पिवळा दिवा लागला की सावकाश बोला, लाल लागला की थांबा. खोली बघून लोक म्हणतात, ‘एवढीच?’ फोटोतली खोली मोठी होती कारण पत्रकारांसाठी मागची भिंत पाडली होती, खटल्यांनंतर ती परत बांधली. वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन बघायला दीड तास लागतो, आणि ते आधी बघून मग खोलीत बसा, उलट नको. कार्यक्रम असला तर खोली बंद असते.

दिवस उरला तर ट्राम ६ ने योहानिस दफनभूमी. इथेही नियम : सगळ्या थडग्यांचे दगड आडवे, एकाच मापाचे. श्रीमंतांनी मग पैसा घातला तो दगडावरच्या पितळी पाटीत. कोणी आपल्या धंद्याची अवजारं ओतून घेतली, कोणी कुळाची चिन्हं. ड्युररही तसल्याच एका दगडाखाली, सासऱ्याच्या थडग्यात. पाटीवर त्याच्या मित्राने लॅटिनमध्ये एवढंच लिहिलंय, की आल्ब्रेख्ट ड्युररचं जे काही मर्त्य होतं ते या खाली आहे. उन्हाळ्यात दगडादगडावर जिरेनियमच्या कुंड्या असतात. पाटी शोधायला त्या थोड्या बाजूला साराव्या लागतात, नंतर परत जागेवर ठेवा.